आले का जी भाऊ वापस

विमानातल्या एका मुलीनं मला 'भाऊ' म्हटलं, याची मी लेखी तक्रार केली होती. कागद विमान कंपनीचा होता, पेन आणि अक्षर माझं. जेमतेम चार ओळी. त्या चार ओळींमुळं तिची नोकरी जायची वेळ आली. ती अजून प्रशिक्षणावर आहे हे मला लिहिताना माहीत होतं, कारण तिच्या बिल्ल्यावर तसं लिहिलेलं होतं. आणि ती कोण आहे, हेही मला माहीत होतं. हे शेवटचं वाक्य मी कित्येक दिवस कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. खाणींना लागणारी ड्रिलिंग मशिनं विकणाऱ्या एका कंपनीत मी होतो. राहायला नागपूरला, आणि महिन्यातून सहा-सात वेळा मुंबई, दिल्ली, तिथून पुढं रांची नाहीतर भुवनेश्वर. एकाच कंपनीच्या विमानानं ठरावीक फेऱ्या झाल्या की आधी चंदेरी आणि मग सोनेरी कार्ड घरी यायचं. सोनेरी कार्डाचे फायदे बरेच होते. रांगेत पुढं जाता यायचं, बॅग लवकर यायची. मला त्यातलं एकच हवं असायचं.

विमान वर जाऊन सरळ झालं आणि पट्ट्यांचा दिवा विझला, की पुढचा पडदा सरकायचा. आतून एक मुलगी घडी घातलेला कागद घेऊन बाहेर यायची. त्या कागदावर कार्डवाल्यांचे सीट नंबर आणि आडनावं असायची. ती आधी डोक्यावरचा नंबर बघायची, मग कागद, मग चेहरा. मग वाकून, आवाज खाली आणून म्हणायची, "वेलकम बॅक, मिस्टर अमुक." पुन्हा आमच्यासोबत आलात, बरं वाटलं, काही लागलं तर मला सांगा, असं इंग्रजीतून पुढं. हे त्यांना शिकवलेलं असतं हे मला कळत होतं. तरी आजूबाजूचे लोक मान वळवून माझ्याकडं बघायचे तेव्हा छातीत काहीतरी फुलायचं.

मी तयारीत बसायचो. पडदा हलला की पेपरची घडी करायची, चष्मा काढायचा, आणि आपण काही वाट बघत नाही असं दाखवत खिडकीबाहेर पाहायचं. एकदा ती मुलगी माझ्या पुढच्या रांगेतूनच परत फिरली. मी बेल दाबून पाणी मागितलं आणि कार्ड दिसेल असं ट्रेवर ठेवलं. चाळिशीतला माणूस मी. तिनं कार्ड पाहिलं, जीभ चावली आणि वेलकम बॅक म्हणाली. मग मला पाणी गोड लागलं.

माझ्या आडनावात 'ळ' आहे. या मुली कुठल्या कुठल्या गावच्या, त्यांना तो म्हणता यायचा नाही. त्या 'ल' म्हणायच्या. मला तेही आवडायचं. 'ळ'वाला माणूस चामोर्शीचा होता, धानाच्या बांध्यांत चिखल तुडवून शाळेत गेलेला. 'ल'वाला कुठलाही असू शकत होता. ऑफिसात मी माझं गाव नागपूर लिहिलं होतं.

आता गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीबद्दल सांगायला हवं. नोकरी लागण्याआधी, नव्वदनंतरची चार-पाच वर्षं, मी अहेरीला होतो. एका ठेकेदाराच्या लाकडाच्या डेपोवर लिखापढी करायचो आणि बाजाराच्या रस्त्यावरच्या एका टेलरच्या घरामागं खोली घेऊन राहायचो. पुढं दुकान, मध्ये त्यांचं घर, मागं मी. मी चामोर्शीला घरी, बायको-मुलाकडं, जाऊन आलो की दुकानासमोरूनच खोलीकडं जावं लागायचं. मशीनवरची मान वर न करता टेलर विचारायचे, "आले का जी भाऊ वापस?" मी म्हणायचो, "आलो जी." तेवढंच. रोजच्या डेपोवरून आलो तरी तेच. बाजारातून मिरच्या घेऊन आलो तरी तेच. त्यांची मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. ती शाळेचं दप्तर घेऊन ओट्यावर बसलेली असायची आणि बापाची नक्कल करत तीही म्हणायची, "आले का जी भाऊ वापस?" वीस पावलांवरच्या नळावरून बादली भरून आलो तरी विचारायची. बाप हसायचा, मीही हसायचो.

नागपूरच्या त्या कंपनीतून मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा माझ्याकडं कोट नव्हता. टेलरनं माप घेतलं. खांद्यावर टेप ठेवून थांबले, मागं सरून पाहिलं, पुन्हा टेप ठेवला. म्हणाले, "डावा खांदा उतरता हाय भाऊ तुमचा. सायकलवर बी तिरपेच दिसता."

मी ओशाळलो. ते म्हणाले, "फिकर करू नोका. आतून पॅड टाकून देतो. साहेबाले का समजते." मुलगी तेव्हा खडूनं ओट्यावर माझं चित्र काढत होती, एक खांदा वर, एक खाली. बापानं तिला दटावलं. तो कोट घालून मी मुलाखतीला गेलो, नोकरी लागली, आणि नंतर अहेरीला फिरकलो नाही. पहिल्या दिवाळीला एक पत्र टाकलं होतं, तेवढंच.

मध्ये दहा-अकरा वर्षं गेली.

त्या दिवशी सकाळचं नागपूर-दिल्ली विमान होतं. शेजारी खिडकीला माझे नवे साहेब. दिल्लीहून आलेले, कामाला वाघ, माणूस वाईट नाही. त्यांच्या डोक्यात सूरजागडच्या डोंगराकडचं काम होतं. तिथं लोहखनिज आहे, आज ना उद्या मशिनं लागतील, तर आतापासून अहेरीला एक कॅम्प ऑफिस टाकावं आणि तिकडची भाषा येणारा एक माणूस तिथं बसवावा, असं त्यांचं चाललं होतं. आठवडाभर ते असा माणूस शोधत होते. विमान सुटायच्या आधी त्यांनी मला विचारलं, तुम्ही तर विदर्भातले, तो भाग तुम्हाला माहीत असेल. मी म्हणालो, चंद्रपूरपर्यंत गेलोय, त्याच्यापलीकडं नाही.

मुलगा दहावीत होता, नागपूरला फ्लॅट घेतला होता. ही कारणं खरी होती. पण त्याच्याखाली आणखी एक कारण होतं, ते म्हणजे मला अहेरीतून निघालेला माणूस व्हायचं नव्हतं. मी तिथं कधी नव्हतोच, असा माणूस मला व्हायचं होतं.

उकडत होतं म्हणून मी कोट काढून वर ठेवला होता. पडदा सरकला. आज साहेबांसमोर वेलकम बॅक होणार म्हणून मी नेहमीपेक्षा जास्त सावरून बसलो. त्यांच्याकडं या कंपनीचं कार्ड नव्हतं. पेपरची घडी केली, चष्मा काढला, खिडकीकडं पाहिलं.

"वेलकम बॅक, मिस्टर..." आणि माझं आडनाव.

'ळ' बरोबर आला होता. मी दचकून वर पाहिलं. ती कागदाकडं बघत नव्हती. माझ्या डाव्या खांद्याकडं बघत होती, मग चेहऱ्याकडं, आणि तिचा तो शिकवलेला चेहरा सुटत चालला होता. ती सीटजवळ उकिडवी बसली आणि हसू दाबत हळूच म्हणाली, "आले का जी भाऊ वापस?"

मी घडी केलेला पेपर पुन्हा उघडला.

"मले नाई ओळखलं? मी तं तुमाले खांद्यावरूनच ओळखलं. अहेरीची, टेलरची पोट्टी."

तिनं 'अहेरी' म्हणायच्या आधीच मी तिला ओळखलं होतं. तो प्रश्न जगात दोनच माणसं मला त्या चालीत विचारत होती. साहेबांनी हातातलं मासिक खाली केलं होतं. मी इंग्रजीत, त्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणालो, "तुमची काहीतरी चूक होते आहे. मी कधी अहेरीला गेलेलो नाही."

ती लगेच उठली नाही. तेवढा वेळ ती मला बघत राहिली, आणि मला वाटलं आता ही कोटाचं सांगेल, डेपोचं सांगेल, चामोर्शीचं सांगेल. मग ती उभी राहिली, स्कर्ट सारखा केला, "सॉरी सर" म्हणाली आणि पुढच्या कार्डवाल्याकडं गेली.

साहेबांनी विचारलं, ही कुठली भाषा होती. मी म्हणालो, तेलुगू असेल. माझ्या आईची भाषा, मी तेलुगू म्हणून सांगितली. ते म्हणाले, तिच्या बोलण्यातही अहेरी असा शब्द मला ऐकू आला. मी म्हणालो, मलाही आला. ते हसले. नाश्त्याची ट्रॉली आली तेव्हा मला म्हणाले, "तो भाऊ, चाय लेंगे या कॉफी?" त्यांनी शब्द बरोबर उचलला होता. गमतीनं म्हणाले असतील. पण नंतर ते मासिक वाचेनात. मधूनच माझ्याकडं पाहायचे, मग खिडकीबाहेर. मला वाटत राहिलं की यांनी ओळखलंय, दिल्लीला उतरलं की अहेरीच्या बदलीची ऑर्डर निघेल. खोटं बोललो होतो ते पुरेसं नाही, ते आणखी भक्कम करायला हवं.

मी बेल दाबली. त्यांच्यातली जी वयानं मोठी, वरच्या हुद्द्याची बाई होती, तिच्याकडं अभिप्रायाचा कागद मागितला आणि साहेबांना दिसेल असा धरून लिहिला. प्रशिक्षणार्थी कर्मचारी अनोळखी प्रवाशाशी नको तितकी सलगी करते, खाजगी चौकशा करते, त्यामुळं सहप्रवाशासमोर अवघडल्यासारखं झालं. अशा अर्थाच्या चार इंग्रजी ओळी, खाली सही, कार्डाचा नंबर.

त्या बाईंनी उभ्या उभ्या वाचलं. मग वाकून मला विचारलं, सर, नक्की द्यायचंय का, ती अजून ट्रेनिंगवर आहे, कार्डवाल्या प्रवाशाची तक्रार फार वरपर्यंत जाते. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. कागद परत घ्यायला हात लांब करायचा होता फक्त. साहेब ऐकत होते. मी म्हणालो, "हो, नक्की."

पडद्याखालून पलीकडचे तिचे काळे बूट दिसत होते. ते दिल्ली येईपर्यंत एका जागी होते.

उतरताना ती दाराशी उभी होती. हात जोडून प्रत्येकाला थँक्यू म्हणत होती. मला म्हणाली, "थँक्यू, मिस्टर..." आणि आडनाव, 'ळ'सकट. साहेब मागंच होते. मी मान हलवून बाहेर पडलो.

तीन आठवड्यांनी विमान कंपनीचं पत्र आलं. आपला अभिप्राय आम्ही गांभीर्यानं घेतला आहे, संबंधित प्रशिक्षणार्थीला विमानातल्या कामावरून तूर्त बाजूला केलं आहे, चौकशी समितीपुढं तिला बोलावलं जाईल. झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी. सोबत पुढच्या प्रवासासाठी वरच्या वर्गाचं एक कूपन. ते मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं, आणि ड्रॉवर उघडायचाच बंद केला. पेन लागलं तर दुसऱ्याचं मागायचो. अहेरीच्या ऑफिसचा विषय तोवर आपोआप मागं पडला होता. साहेबांना भिलाईकडं मोठं काम मिळालं होतं. म्हणजे ज्या भीतीनं मी ते केलं, तिला काही अर्थच उरला नव्हता.

विमानं चालूच होती. पडदा सरकायचा, कागद यायचा, वेलकम बॅक. आता मी पेपर उघडाच ठेवायचो, तोंडासमोर. त्या मुली पेपरच्या वरून माझं आडनाव घ्यायच्या. एकदा मुंबईच्या विमानात ती मोठ्या हुद्द्याची बाईच समोर आली. तिला मी आठवत नव्हतो. तिच्यासाठी मी फक्त सीट नंबर आणि 'ल'वालं आडनाव. मी धीर करून विचारलं, तुमच्याकडं चंद्रपूर-गडचिरोलीकडची एक मुलगी होती. ती म्हणाली, हो, बॅचमधली सगळ्यात हुशार, घरी पाठवलीय, पुढच्या महिन्यात समिती बसेल, पण कार्डवाल्यानं लिहून दिलंय म्हटल्यावर अवघड आहे. मग ओळखीचं हसून म्हणाली, सर, तुम्हाला माहीत आहे, काही लोक कसे असतात.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी विमान कंपनीला तक्रार मागं घेत असल्याचं पत्र लिहिलं, इंग्रजीतून. पोस्टात टाकता आलं असतं. तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. पोस्टात टाकलं की ते समितीकडं जाणार, आणि जिच्याबद्दल आहे तिला कळणारही नाही. ते मला सोयीचं होतं, म्हणूनच टाकवेना. रजा काढली. चंद्रपूरला उतरून अहेरीची एसटी धरली. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीचा पूल, आलापल्ली. सागवानाची पानं उन्हानं भोकं पडल्यासारखी झाली होती. मला प्रत्येक थांब्यावर उतरून परत जावंसं वाटत होतं.

अहेरीला बाजाराचा दिवस होता. दुकान तिथंच. टेलरच्या डोळ्यांवर आता जाड चष्मा होता. मी ओट्यावर पाय ठेवला, त्यांनी मान वर न करता विचारलं, "आले का जी भाऊ वापस?"

मला वाटलं त्यांना सगळं माहीत आहे. मग त्यांनी मान वर केली, नीट पाहिलं, आणि त्यांचे हात मशीनवरून सुटले. त्यांनी ते वाक्य गिऱ्हाईकाला म्हटलं होतं. पायरीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते तसंच विचारत.

त्यांनी मला बसवलं. पाणी दिलं. कोट आहे का अजून, विचारलं. मग स्वतःहूनच मुलीचं सांगायला लागले. नागपूरला शिकली, विमानात लागली, गावातले लोक पेढे मागायला आले होते. "मंग कोन्या साहेबाले राग आला म्हन्ते. लिवून देल्लं त्यानं. का लिवलं, कोनी सांगत बी नाई. पोट्टी बी नाई सांगत." मंगळवारी तिला मुंबईला बोलावलं आहे. शिवणाचे पैसे जोडून तिकीट काढलंय. बोलता बोलता ते थांबले आणि म्हणाले, "चामोर्शीचे लोक सांगते, तुम्ही तं विमानानं फिरता म्हन्ते भाऊ. तिकडं तुमची ओळख असन, तं पाहा ना जी."

तिनं बापाला सांगितलं नव्हतं. माझं नाव तिनं घरात घेतलंच नव्हतं.

ती आतून चहा घेऊन आली. मला पाहून थबकली, पण कप हिंदकळू दिला नाही. ट्रे ठेवायची त्यांची पद्धत असते, दोन्ही हातांनी, आवाज न करता. तसाच ठेवला. मी खिशातून पत्र काढून तिच्यासमोर धरलं. म्हणालो, हे समितीला द्यायचं आहे, आधी तू वाच. ती दाराच्या चौकटीला टेकून वाचू लागली. टेलर एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहत होते. बाहेर मोहफुलं मोजणाऱ्या बायांचा गलका चालला होता. तिचा डोळा एका ओळीवर अडकला.

"इथी 'मिसअंडरस्टँडिंग' काऊन लिवलं, भाऊ?"

मी चहाच्या कपाकडं हात नेला.

"तुम्ही तं मले ओळखलं होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी पाह्यलं ना. 'ळ' आयकूनच तुम्ही वर पाह्यलं."

तिनं पत्र माझ्यापुढं ठेवलं आणि बापाच्या मशीनजवळची पेन्सिल बाजूला सारून कपाटावरचं पेन आणून दिलं. मी 'मिसअंडरस्टँडिंग'वर आडवी रेघ मारली. वर जागा कमी होती, बारीक अक्षरात लिहिलं की मी तिला ओळखलं होतं आणि मी खोटं बोललो. रेघेच्या शेवटी पुन्हा सही केली.

टेलरना इंग्रजी येत नव्हतं. ते तिला म्हणाले, "का लिवलं हाय वो?"

ती माझ्याकडं बघत राहिली, तशीच, जशी त्या दिवशी सीटजवळ बसून बघत होती. तेव्हाही तिनं मला वेळ दिला होता.

दहा-अकरा वर्षांत मी ती भाषा घराबाहेर बोललो नव्हतो. तोंडात शब्द अडखळत होते.

"तो साहेब मीच होतो जी," मी टेलरना म्हणालो. "हिनं मले भाऊ म्हनलं. मी हिले ओळखलं होतं. माह्या साहेबासमोर तुमची ओळख सांगाची मले लाज वाटली, अन् अहेरीले पाठवतीन म्हून भेव वाटलं. मी खोटं बोललो, अन् खोटंच लिवून देल्लं. तुमची माफी मांगतो." मग तिच्याकडं वळलो. "बेटा, तुही बी मांगतो."